भोंग्याखालची ओळ

गाणं डोळ्यांना दिसतं, हे मला बरंच उशिरा कळलं. तोवर मी गाणी वाजवूनच पोट भरत होतो, पण गाणं म्हणजे सीडीच्या चकतीत कुठेतरी बंद असलेली गोष्ट, एवढीच माझी समजूत होती. मग गोव्यातल्या एका क्लबात, दुपारच्या रिकाम्या वेळी, तिथल्या जुन्या डीजेने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर एक डोंगररांग सरकत होती. उंच सुळके, मध्ये दऱ्या, कुठे सपाट पठार.

"हे सुळके दिसतात ना, तो ठेका," तो म्हणाला. "हा बारीक भाग म्हणजे बाईचा गळा. आणि इथे सपाट झालंय, तिथे सगळे वाजवायचे थांबतात. त्याच्या पुढे बघ केवढा सुळका आहे. तिथे लोक उड्या मारणार."

मी बघतच राहिलो. त्याने गाणं चालू केलं आणि खरोखर, पठार आल्यावर सगळं थांबलं, सुळका आल्यावर छातीत ठोका बसला. पुढे काय येणार ते आधी दिसतंय, असं आयुष्यात दुसरं काय असतं? त्या दिवशी जे तोंड उघडं राहिलं ते अजून पुरतं मिटलेलं नाही, असं माझी बायको म्हणते. तिचं दुसरंही एक म्हणणं आहे की या माणसाच्या तोंडून शब्द काढायचा तर आधी त्याच्या हातात माइक द्यावा लागतो. ते मात्र खोटं आहे. माइक दिला तरी मी बोलत नाही. 'आता येताहेत नवरा-नवरी, जोरदार टाळ्या' एवढंसुद्धा मी दुसऱ्याकडून वदवून घेतो.

म्हणून संपादकांनी डीजेच्या आयुष्यावर लिहा म्हटलं तेव्हा मी बरेच दिवस टाळलं. लिहितोय ते एका हळदीमुळे. पण तिथवर येण्याआधी आमचं काम काय असतं ते सांगायला हवं, कारण बहुतेकांना वाटतं की आम्ही बटण दाबतो आणि मान हलवतो.

बटण दाबतो हे खरं आहे. आमच्या यंत्राला कंट्रोलर म्हणतात. दोन बाजूंना दोन फिरत्या ताटल्या, मध्ये आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या पट्ट्या, ज्यांना आम्ही फेडर म्हणतो. डाव्या ताटलीवर लोक ऐकतायत ते गाणं, उजवीवर पुढचं. हेडफोनचा एक कान मी डोक्याच्या मागे सरकवून ठेवतो. म्हणजे एका कानाला मांडवातलं चालू गाणं, आणि दुसऱ्याला जे अजून कुणीच ऐकलेलं नाही ते. दोन गाण्यांचे ठोके एका चालीत आणायचे, मग एकाचा फेडर खाली, दुसऱ्याचा वर. नाचणाऱ्याचा पाय चुकता कामा नये. गाणं बदललं हे त्याला बदलून गेल्यावर कळलं पाहिजे. पूर्वी हे सगळं कानाने करायचो. आता सॉफ्टवेअर आधीच गाणं मोजून ठेवतं, प्रत्येक ठोक्यावर उभी रेघ मारतं, आणि एक बटण दाबलं की दोन्ही गाणी रांगेत उभी राहतात. जुने डीजे या बटणाला नावं ठेवतात. मीही चारचौघांत ठेवतो. एकटा असलो की दाबतो.

संगमेश्वरच्या एका लग्नात नवऱ्या मुलाचे आजोबा खुर्ची ओढून माझ्या बाजूला येऊन बसले.

"तू नक्की करतोस काय?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला आणि पुढचं गाणं ऐकवलं. त्यांनी एकदा मांडवाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"म्हणजे पुढचं तुला आधीच ऐकाय येतं?"

"हो, आजोबा."

"मग जरा माझं बघून सांग की. अजून किती हाय!"

क्लबात अशी माणसं भेटत नाहीत. तिथे मी बरीच वर्षं काढली, गोव्यात आणि मग पुण्यात. दिवसा झोपायचं, संध्याकाळी उठून गाणी शोधायची, आणि अंधाऱ्या हॉलमध्ये काचेच्या मागे उभं राहायचं. तुमचा चेहरा कुणाला आठवत नाही. पण जे बघायला मिळतं ते इतर कुठे मिळत नाही. एकमेकांना न ओळखणारी शे-दीडशे माणसं, कुणी घरी भांडून आलेलं, कुणी नोकरी गेलेलं, आणि तुम्ही खालचा जाड सूर काढून घेतलात की सगळी एकदम श्वास रोखतात. परत सोडलात की सगळ्यांचा पाय एकदम पडतो. हे मी शेकडो वेळा केलं आहे आणि दरवेळी हाताला मुंग्या आल्या आहेत. गोव्याच्या त्या जुन्या डीजेने मला एकच गोष्ट शिकवली: लोकांच्या तोंडाकडे बघू नकोस, पायांकडे बघ. तोंडं खोटं बोलतात.

पुढे आई आजारी पडली आणि मी रत्नागिरीला परत आलो. आता हळदी, वाढदिवस, किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमधल्या पार्ट्या. अंजनवेलच्या बाजूला एकदा वीज खात्यातल्या इंजिनिअर मंडळींच्या पार्टीत ऐन रंगात माझा एक्स्टेंशन बोर्ड जळला. सगळं चिडीचूप. माझा जीव गेला, पण ती मंडळी इतकी खूश झाली की बस! प्रत्येकाच्या खिशातून टेस्टर निघाला. कुणी म्हणे न्यूट्रल गेली, कुणी म्हणे फ्यूज. माझ्या टेबलाभोवती त्यांची परिषद भरली, आणि तेवढा वेळ त्यांच्या बायकांनी टाळ्यांवर नाच चालू ठेवला. बोर्ड दुरुस्त होऊन गाणं पुन्हा सुरू केलं तेव्हा लक्षात आलं की टाळ्या मघाच्याच चालीत आहेत. तसूभर इकडे-तिकडे नाही. मी नुसताच फेडर वर सरकवला, गाणं टाळ्यांत जाऊन बसलं. माणसांच्या अंगात हे कुठे साठवलेलं असतं, देव जाणे.

आता ती हळद.

क्लबात जाण्याच्या आधीची, अगदी सुरुवातीची गोष्ट. माझ्याकडे तेव्हा जोड सीडी प्लेअर, एक मिक्सर, दोन मोठे बॉक्स आणि एक भोंग्याचं यंत्र होतं. भोंगा म्हणजे पोलिसांच्या गाडीसारखा चढत जाणारा आवाज. बटण दाबलं की पोरं चेकाळायची. खाडीपलीकडच्या वाडीत प्रमिला नावाच्या मुलीची हळद होती. तिची भावजय नंदा, गाणारी म्हणून वाडीत नाव असलेली. संध्याकाळी नवरीला पाटावर बसवून बायका हळद लावू लागल्या आणि नंदावहिनीने गाणं उचललं. या गाण्यांना काही छापील पुस्तक नसतं. चाल ठरलेली, ओळी तिथल्या तिथे जुळवायच्या. ज्याचं नाव ओळीत येईल त्याला हळद लावायची, त्याची चार शब्दांत खोडी काढायची, बाकीच्यांनी हसायचं. वेळ लागतो या कामाला.

मुंबईहून आलेली पोरं कंटाळली होती. "डीजे कशाला आणलाय, शोभेला काय?" असं एक जण म्हणाला. मी नवा होतो, मला कामं हवी होती. मी फेडर वर केला.

नंदावहिनी गात असताना केला. गाणं संपायची वाट बघितली नाही, कुणाला विचारलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं ते मला आठवतं. मग बायका माझ्याकडे बघून हसल्या. मला वाटलं, रंग चढतोय. मी भोंगा दाबला. पोरं मध्ये घुसली, धुरळा उडाला, आणि त्या गर्दीत वहिनी पाटाजवळून उठलेली मी बघितली. ती रागाने निघून गेली असं मी समजलो, आणि तरी फेडर खाली केला नाही.

त्या रात्रीपासून मला कामांची कमी पडली नाही. आणि हेही खरं की त्यानंतर मी ज्या ज्या मांडवात गेलो तिथे बायका गायच्या थांबल्या. भांडल्या नाहीत. मी वायरी जोडू लागलो की आपोआप गप्प होऊन बाजूला बसायच्या. काही वर्षांनी तर त्या गायलाच बसेनात. लोक म्हणतात काळ बदलला. काळाच्या हाताला फेडर नसतो, माझ्या हाताला होता. नंदावहिनी पुढे थोड्याच वर्षांत आजाराने गेली. मागे नवरा आणि लहान मुलगी. मला कळलं तेव्हा मी पुण्यात होतो.

आणि या वर्षी तीच मुलगी माझ्याकडे आली. सायली तिचं नाव, चिपळूणला नोकरी करते. स्वतःच्या लग्नाच्या हळदीसाठी डीजे ठरवायला आलीय असं मला वाटलं. माझी चिऱ्याची एक छोटी खोली आहे, आतून गोधड्या ठोकलेली, तिथे ती स्टुलावर बसली आणि पर्समधून पेनड्राइव्ह काढला.

"काका, यात आत्याच्या हळदीचा व्हिडिओ आहे. कॅसेटवरून उतरवलाय. माझी आई यात गाते. तिचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठेच नाही. फोन-बिन कुठे होते तेव्हा! पण मागे कुणीतरी गाणं लावलंय मोठ्याने. ते गाणं काढून टाकता येतं म्हणतात आता. येतं का?"

कुणीतरी.

"बघतो," मी म्हणालो.

"मला माझ्या हळदीला तो लावायचा आहे. आईने हळद गायली असं होईल."

"बघतो," मी पुन्हा म्हणालो. एवढं बोलायला हवं होतं की तो कुणीतरी मीच. जमलं नाही.

ती गेल्यावर मी दार लावून व्हिडिओ बघितला. कॅमेरावाला बायकांच्या घोळक्यात शिरून उभा होता, त्यामुळे वहिनी अगदी समोर. हिरवी साडी, हातात हळदीची वाटी. पहिली ओळ, मांडवाच्या मेढीला म्हणजे खांबाला हळद लावायची, स्वच्छ ऐकू आली:

"हळद गो लावा मांडवाच्या मेढीला…"

आणि त्यावर मी कोसळलो. माझा ठेका, माझी गाणारी बाई, सगळंच. वहिनीचे ओठ हलताना दिसतात, आवाज नाही. थोड्या वेळाने बायका हसतात, भोंगा वाजतो, वहिनी उठते, आणि पुढे नुसत्या नाचणाऱ्यांच्या पाठी.

हल्लीचं सॉफ्टवेअर गाण्याचे चार वाटे करतं: गळा वेगळा, ठेका वेगळा, खालचा जाड सूर वेगळा, उरलेलं वेगळं. एक बटण दाबायचं की ठेका गायब, नुसती बाई गातेय. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी हातातला चहा टेबलावर ठेवायचा विसरलो होतो. शिजलेल्या आमटीतून पाणी, डाळ आणि मीठ परत वेगवेगळं काढून द्यावं तसा प्रकार आहे हा. कालच्या पोरांना त्याचं काही वाटत नाही. मला अजून वाटतं.

पण इथे ते अडलं. ठेका निघाला. गळा मात्र दोघींचा होता, वहिनीचा आणि माझ्या सीडीतल्या गायिकेचा. यंत्राला काय ठाऊक कुठली बाई ठेवायची! त्याने दोघींची मिळून एक चिरकलेली किंकाळी करून दिली.

मग मला सुचलं की ते गाणं तर माझ्याकडे आहे. माळ्यावरच्या खोक्यात ती सीडी अजून होती, चरे पडलेली, पण वाचली जाणारी. एक युक्ती असते. समुद्रात एका लाटेचा उंचवटा आणि दुसरीचा खळगा एकाच जागी आले तर पाणी सपाट होतं. आवाजाचंही तसंच. तेच गाणं उलटं करून, म्हणजे उंचवट्याच्या जागी खळगा करून, मूळ गाण्यावर तंतोतंत बसवलं की दोघं एकमेकांना खातात. फक्त ते तंतोतंत बसायला हवं. कॅसेटची गती कुठे सैल, कुठे ताठ. शिवाय त्या रात्री मी गाणं मूळ गतीने वाजवलंच नव्हतं. तेव्हा मला खोड होती, प्रत्येक गाणं थोडं पळवायचो, पोरांना आवडतं म्हणून. किती पळवायचो? डोळे मिटून मी अंगठा हवेत सरकवून बघितला. अंगठ्याला आठवत होतं.

मग गाण्याचे बारीक तुकडे केले आणि एकेक तुकडा सरकवत बसवायला लागलो. बरेच दिवस गेले. दुपारी जेवून बसायचो तो दिवे लागेपर्यंत. ताडपत्रीचा घुमारा, माणसांचा कालवा, यामुळे गाणं पुरतं काही गेलं नाही. पण गायिका मागे हटली, पुसट झाली, आणि मग यंत्राला वहिनीचा गळा सापडला.

मी हेडफोन घातला. दोन्ही कान.

ती थांबली नव्हती. इतकी वर्षं मी समजत होतो की माझा बॉक्स सुरू झाला आणि ती गप्प झाली. ती गात होती. आवाज किंचित चढवून, पण न ओरडता, एकामागून एक ओळ.

"हळद गो लावा दारच्या तुळशीला,

हळद गो लावा मामाच्या टोपीला…"

आणि काहीतरी वेगळं जाणवलं. पहिली ओळ संथ होती, जात्यावर म्हणतात तशी. दुसरी ओळ जराशी अडखळली. तिसरीपासून गती बदललेली. मी तिचा आवाज पडद्यावर मोठा करून ठेवला आणि सॉफ्टवेअरने माझ्या गाण्यावर मारलेल्या उभ्या रेघा त्याच्याखाली आणल्या. 'हळद' मधला 'ह' रेघेवर. 'लावा' मधला 'ला' रेघेवर. पुढची ओळ, तिथेही. ओळीमागून ओळ.

मी खुर्चीत मागे टेकलो. तिने माझं गाणं ऐकलं होतं. एक ओळभर अंदाज घेतला, आणि आपली चाल उचलून माझ्या ठेक्यावर ठेवून दिली. मला जे जमवायला हेडफोन लागतो, दोन ताटल्या लागतात, पट्टी सरकवावी लागते, ते या बाईने हातात हळदीची वाटी धरून, नणंदेच्या गालावर बोटं फिरवता फिरवता केलं होतं. मी तिच्यावर चाल करून गेलो होतो, आणि तिने मला आपला ढोलकीवाला करून टाकलं होतं. फक्त हे मला कळलं नव्हतं.

त्या दुपारी मी पुढे काम केलं नाही. मांडवीच्या बाजूला जाऊन समुद्राकडे बघत बसलो.

एक जागा मात्र राहिली. मामाच्या टोपीनंतर भोंगा. तो सीडीतला नव्हता, यंत्रातला होता, आणि ते यंत्र मी कधीच विकून टाकलेलं. त्याला उलटं करायला मूळ आवाजच नाही. भोंग्याखाली अख्खी एक जोडओळ चिरडलेली होती. त्यापुढे पुन्हा वहिनी स्वच्छ: "हळद गो लावा अंगणातल्या कुत्र्याला…"

आता अशीही सोय झाली आहे की एखाद्याचा थोडा आवाज यंत्राला दिला की त्या आवाजात हवं ते गाऊन मिळतं. मी करून बघितलं, लपवत नाही. एक ओळ मनाने जुळवली, यंत्राला दिली. वहिनीने ती म्हटली. हुबेहूब, श्वास घेण्याच्या लकबीसकट. मी हेडफोन काढून ठेवला. ते गाणं तिचं नव्हतं.

सायलीला बोलावलं. आधी फक्त तिच्या आईचा आवाज ऐकवला. ती ऐकत राहिली. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. कुत्र्याच्या ओळीला ती फिसकन हसली. मग मी म्हणालो, "सायली, ते मागचं गाणं लावणारा मीच होतो."

"माहिती आहे काका."

"म्हणजे?"

"व्हिडिओत दिसता की तुम्ही. कोपऱ्यात. तो जरीचा शर्ट घालून." ती माझ्याकडे बघत होती. "म्हणून तर तुमच्याकडे आले. चिपळूणच्या एकाने सांगितलं, मूळ गाणं असेल तर काम होईल. म्हटलं ज्याने लावलं त्याच्याकडे असणारच."

"आणि मी तेव्हा सांगितलं नाही त्याचं काय?"

"तुम्ही 'बघतो' म्हणालात तेव्हा तुमचं तोंड बघितलं मी," ती म्हणाली. "राग होता मला काका. आहे पण थोडा. तुम्ही थांबला असतात जरा तर आईची सगळी हळद असती माझ्याकडे."

मी तिला यंत्राने केलेल्या ओळीचं सांगितलं. रिकामी जागा भरता येईल, कुणाला कळणारही नाही, ती सांगेल तसं करू.

"नको," ती म्हणाली. "तिथे आई काहीतरी बोललीय. काय ते आपल्याला माहीत नाही, पण बोललीय. त्यावर दुसरं नको. तेवढं रिकामं ठेवा."

तिच्या हळदीला मी सूर्य कलायच्या आधीच पोचलो. तोच मांडव म्हणायचा, त्याच अंगणात घातलेला. नुसता आवाज लावून बघितला तर तो विचित्र वाटला, विनाकारण घाईत असल्यासारखा. जिच्यावर ती चालत होती ती जमीनच मी काढून घेतली होती ना! म्हणून ठेका परत ठेवला, पण खाली, पावलांना लागेल एवढाच. ज्या आवाजावर आपण एकदा चढून बसलो त्याच्याखाली कसं राहायचं हे मी या वयात शिकलो.

सायलीला पाटावर बसवलं. बायका वाट्या घेऊन जमल्या. सायलीने मान हलवली आणि मी फेडर सरकवला.

"हळद गो लावा मांडवाच्या मेढीला…"

अंगणातलं बोलणं तुटलं. ज्यांनी वहिनीला बघितलं होतं त्या बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. सायलीचे वडील पाणी वाटत होते, ते तांब्या हातात धरून थांबले. मग एका म्हातारीने उठून खरंच मांडवाच्या मेढीला हळद लावली. पुढच्या ओळीला दुसरी तुळशीकडे गेली. मामाची टोपी आली तेव्हा सायलीच्या मामांनी स्वतःहून डोकं पुढे केलं.

मग ती जागा आली. वहिनी थांबली, ठेका चालत राहिला. ही वेळ किती लांब वाटली ते मला सांगता येणार नाही. आमच्या धंद्यात रिकामी जागा म्हणजे मरण. हात आपोआप काहीतरी दाबायला जातो. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

आणि त्या रिकाम्या जागेत पाटाच्या बाजूने एक खरखरीत आवाज उठला. पहिल्याच ठोक्यावर.

"हळद गो लावा त्या बाजेवाल्या पोराला,

आवस त्येची घरला, लावील कोन त्येला!"

प्रमिला गात होती. सायलीची आत्या, त्या दिवशीची नवरी. तिने ओळ संपवली आणि नेमक्या पुढच्या ठोक्यावर वहिनी परत आली, "हळद गो लावा अंगणातल्या कुत्र्याला," जशी काही या दोघी नणंद-भावजया कालच बसून तालीम करून आल्या होत्या. म्हणजे टोपी आणि कुत्रा यांच्यामध्ये माझा नंबर होता, आवस म्हणजे आई घरी राहिलेल्या पोराचा. अंगणभर हसू फुटलं. बायका वळून माझ्याकडे बघत हसत होत्या, आणि असं हसू मी याच अंगणात पूर्वी एकदा बघितलं होतं. तेव्हा त्यावर भोंगा दाबला होता.

गाणं पुढे चालू होतं. प्रमिलाताई वाटी घेऊन माझ्या टेबलाकडे आली.

"तुम्हाला कशी ठाऊक ती ओळ?" मी विचारलं.

"माझ्या कानाला लागून गात होती ती. आधी तिने वाटी तुझ्याकडे दाखवली, त्यालाच बायका हसल्या. ओळ तुझ्या त्या गोंगाटात बाकी कुणाला आयकू नाय आली, मला सगळी आली."

तिने माझ्या दोन्ही गालांना हळद लावली, चांगली दाबून, मग कपाळाला.

"मला वाटलं ती रागावून उठली," मी म्हणालो.

"कोण, वहिनी? ती रागावते कसली!" ताई म्हणाली. "तुला लावायला उठली होती. वाटी घेऊन निघाली पण होती तुझ्याकडे. तुझ्या भोंग्याने ही पोरं नाचत मध्ये आली होती, तिला काय वाट गावली नाय. मग ऱ्हायलं."

एवढं बोलून ती पुढच्याला हळद लावायला गेली. वाटीत अजून बरीच होती.